विहिरीतले शंख

३ मार्च २०२५, सोमवार

अप्पांशी भांडले. दगडावरून!

आमच्या चर्चच्या मंडळीत पहिलं ते देवाचं — पहिली ज्वारी, गाईचं पहिलं दूध. जगदेवप्पांच्या नव्या विहिरीला पाण्याआधी दगड लागला, म्हणून काल उपासनेला दगडच आणून मेजावर ठेवला! त्यात नखाएवढे शंख. अप्पा माझे वडील आणि इथले पाळक, त्यांनी तो उचलून डोळ्यांना लावला. "औरादला समुद्र कुठला? देवानं पापी जग बुडवलं, त्या नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा हाय ह्यो." येत्या रविवारी दगड हातात धरून उपदेश करणार म्हणे.

बाकांवर माझ्याच नववीची मुलं. आज विज्ञानाच्या तासाला एकीनं विचारलंच — "मॅडम, सोमवारचं खरं का रविवारचं?"

५ मार्च, बुधवार

विहिरीत उतरून आले, ओढणी कमरेला बांधून. खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण, मध्ये हातभर राखाडी थर, आणि शंख त्यात. समुद्रातले नव्हेतच, तळ्यातल्या गोगलगायींचे. म्हणजे लाव्हा आला, थंडावला, वर तळं साचलं, गोगलगायींच्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या, मग पुन्हा लाव्हा. हे काय नोहाच्या चाळीस दिवसांच्या पावसाचं काम आहे?

जगदेवप्पा वरून ओरडत होते, "अक्का, पाणी दिसायलंय का बघा की!"

बायबलमधला उत्पत्तीचा पहिला अध्याय मला तोंडपाठ आहे. म्हणताना अजून अंगावर काटा येतो. देवानं जग केलं, हे मी तिथूनच शिकले. कसं केलं, ते मात्र दगडालाच विचारावं लागतं. माझं या दोन्हींत कधी अडलं नाही. अप्पांचं कामून अडतंय?

६ मार्च, गुरुवार

आईनं भाकरी थापता थापता अडवलं. "पुराचा विषय काढू नकोस. त्यांच्यापुढं तर न्हाईच."

माझा भाऊ अमरदीप मांजरा नदीच्या पुरात बुडून गेला, तेव्हापासून अप्पा जलप्रलयावर एकदाही बोललेले नाहीत. आता बोलणार आहेत. "पूर देवच धाडतो म्हणाया दगडाचा आधार घावलाय त्यास्नी. त्यो बी काढून घेणार व्हय तू?"

खूप रडले. पण ठरलंय. मुलांना खोटं शिकवून अप्पांना सांभाळणं मला जमणार नाही. आणि देवाला खोटा पुरावा लागतो कशाला!

७ मार्च

हिंमत झाली नाही. उद्या नक्की.

८ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. अप्पांना विहिरीवर नेलं, थर दाखवले. काठावर वाकून बराच वेळ बघत राहिले. मीच म्हणाले, "उद्या तुम्ही हा पुरावा म्हणून दाखवलात, तर मी उठून उभी राहणार." अप्पा दगड काखेत मारून एकटेच चर्चकडे गेले. जेवायलाही आले नाहीत.

माघार घेणार नाही.

९ मार्च, रविवार

अप्पा दगड घेऊन उभे राहिले. मी उठायला लागले. "बस, विजू." मग मंडळीला म्हणाले, "ह्यो प्रलयाचा दगड न्हाई. म्या विहीर बघून आलोय." आणि माईक तसाच चालू असताना, माझ्याकडे बघून — "म्हंजे पोरी, देवानं कुणाला बुडवलं न्हाई? आपल्या अमरदीपला बी न्हाई?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच दगडात नव्हतं. मी "व्हय अप्पा, कुणालाच न्हाई" म्हणाले.