दोनशे बारा तारे आणि एक कोरडी टाकी

नौपाडा, ठाणे

चि. साकेत, आणि लाइटबिलाखेरीज ज्यांचं नाव आजवर कुठेही छापून आलं नाही अशा आपल्या समस्त ठाकुर्लीकर कुटुंबीयांनो,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ, चि. सौ. क्षिप्राचा खोकला आणि बाल्कनीतला कढीपत्ता ठीक असावा. माझी प्रकृती उत्तम. फक्त मी सध्या पृथ्वीपासून नऊ हजार प्रकाशवर्षं दूर अडकले आहे. (फोन केला की "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.)

जुना संगणक मला देताना त्यातला अंतराळाचा खेळ पुसायला तू विसरलास, तिथून हे सुरू झालं. एकेका ताऱ्याजवळ जायचं, त्याचे ग्रह स्कॅन करायचे, पुढे उडी मारायची. जिथे आधी कोणी गेलेलं नाही, तिथे पहिल्या शोधकाचं नाव कायमचं लागतं. पण तळावर परतून माहिती जमा केली तरच. वाटेत यान फुटलं की सगळं पाण्यात. चौकांना माणसांची नावं देण्याविरुद्ध मी वीस वर्षं व्यासपीठं गाजवली, हे तू जाणतोस. (डोंबिवलीच्या सभेत माइक बंद केला, तरी मी थांबले नाही.) तेव्हा माझे दोनशे बारा तारे निव्वळ ज्ञानासाठी.

इंधन ताऱ्याला घासून जाताना भरून घेता येतं, मात्र प्रत्येक तारा देत नाही. रुळलेली वाट माझ्या स्वभावात नाही. आडवाटेला वळले आणि एका विझत्या तपकिरी ताऱ्यापाशी टाकी कोरडी पडली. तो थेंबही देईना. अडलेल्यांना इंधन पोचवणारे स्वयंसेवक या खेळात असतात. त्यांना हाक दिली. तीन दिवसांनी एकजण आला. कमलेश, डोंबिवलीजवळच्याच गावचा.

त्याच्या यानावर नाव होतं "नाथा". विचारलं तर म्हणाला, "आजा माजा. जल्मभर मिठागरान राबला. त्याच्या नावाचा खाता काढून त्याच्या नावाचा तारा लावलाय मी." मी पेटलेच. निदान आकाश तरी पाट्यांपासून मोकळं ठेवा, या विषयावर बोलू लागले, म्हणजे टाइप करू लागले. त्या खिडकीत एका वेळी दोनच ओळी मावतात, त्यामुळे प्रस्तावनाच सव्विसाव्या खेपेला संपली. त्याने मध्येच विचारलं, "मावशे, तुला पेट्रोल पायजे का भाषान करायचाय?" मी बाणेदारपणे म्हटलं, "आधी विचार, मग इंधन!"

"मंग विचारांवर चालव," म्हणाला आणि गेला.

(उत्तर चांगलं होतं. सभेत असतं तर मीही टाळी वाजवली असती.)

तत्त्वाला न सोडणारी,
उत्तरा आत्या

ता. क. १: या यानाचं खातं अजून तुझंच आहे, हे काल समजलं. म्हणजे दोनशे बारा ताऱ्यांवर "साकेत" लागणार. चौकांबाबत माझं मत कायम आहे. ताऱ्यांबाबत घराण्याचा विचार करावा लागतो.

ता. क. २: कमलेशला निरोप धाडला की नाथाआजोबांची पाटी राहू दे, अशांचीच असावी. निरोप एका ओळीचा होता, तरी त्याने अजून उघडलेला नाही.

ता. क. ३: माझ्या शेजारी वलयवाला निळा ग्रह आहे. तो मी मुद्दाम स्कॅन केलेला नाही. कालच माझ्या नावाचं वेगळं खातं काढलंय. त्यातून इथवर यायला महिना लागेल, पण मी येईन. तू दुसऱ्या खात्यावरून अजून खेळतोस, हे क्षिप्राने सांगितलं (कौतुकाने नव्हे). तेव्हा रविवारी सकाळी अकरा वाजता इंधन घेऊन ये, आणि त्या ग्रहाकडे ढुंकूनही बघू नकोस. तो माझा आहे.