आठ दिवसांनी माग

तीर्थरूप आईला, लांबूनच पाया पडतो.

तब्येत बरी आहे. लाँड्रीत इस्त्रीवरून काढून मला आता गिऱ्हाइकांच्या खिडकीवर बसवलंय.

पगार हातात टिकत नाही, म्हणून तो खोलीत सोबत राहणाऱ्या सुतारकाकांकडे ठेवायला देतो. काही घ्यावंसं वाटलं की ते म्हणतात, "आठ दिवसांनी माग." घड्याळ, बूट, मोठा स्पीकर, सगळं आठ दिवसांत मनातून उतरलं.

एकच गोष्ट उतरली नाही. परवा पुन्हा मागितली, तर काकांनी लगेच पैसे काढून दिले. घरी यायचं तिकीट काढलंय, पुढच्या चार तारखेचं.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा माझं नाव तरी काढतात का? मी येतोय हे त्यांना तूच सांग. तिकीट उसन्या पैशांचं नाही, हेही सांग.

तुझा धाकटा