चारशे बारा दिवसांची ज्योत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
सायबर पोलीस ठाणे, धुळे.

अर्जदार : पारसमल मोतीलाल कांकरिया, वय ४९, धंदा भांड्यांचे दुकान, रा. दुकानाच्याच वर, साक्री, जि. धुळे.

विषय : मुलीच्या मोबाईलमधील विझलेली ज्योत पूर्ववत करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या ठाण्यास फोनवर केलेली विनंती व तिकडून मिळालेले "लेखी द्या" हे उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय कळवतो की,

१) अर्जदाराची मुलगी जिनल, वय सोळा, अकरावीत शिकते. तिच्या हातून मोबाईल सुटत नसे. जेवतानाही उजव्या हातात फुलका आणि डाव्या हातात मोबाईल. अर्जदाराने समजावले, रागावले, चार दिवस वायफाय बंद ठेवले. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. यंदा पर्युषणात साध्वीजींनी आमच्या जैन स्थानकात विचारले की, आठही दिवस मोबाईल सोडण्याचे पचखाण, म्हणजे व्रत, कोण घेईल? मुले माना खाली घालून बसली. तेव्हा अर्जदाराने उभे राहून "आमची जिनल घेईल" असे भर सभेत जाहीर केले. सभेने वाहवा केली. मुलीला आधी विचारलेले नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद आहे.

२) मुलीने मुकाट्याने पचखाण घेतले. घरी येऊन मोबाईल अर्जदाराच्या हाती दिला आणि एकच गोष्ट मागितली. तिची जिवाभावाची मैत्रीण प्रियल गेल्या वर्षी जळगावला राहायला गेली. तेव्हापासून दोघी एका ॲपवर एकमेकींना रोज एक फोटो पाठवतात. दिवस चुकला नाही तर नावापुढे ज्योत पेटती राहते व दिवसांचा आकडा वाढतो. चुकला तर दोन्ही जाते. "आठ दिवस तुम्ही पाठवा, पप्पा. कशाचाही फोटो चालेल," एवढेच ती म्हणाली. अर्जदाराची पत्नी राजकुंवर हिने तेथेच हरकत घेतली होती की, जे करायचे नाही ते दुसऱ्याकडून करवायचेही नसते, मग हे कसले पचखाण? अर्जदाराने ती हरकत फेटाळली.

३) पहिल्या दिवशी अर्जदाराने दुकानातल्या पंख्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी कुकरची रांग. प्रियलकडून हसरे चेहरे आले. अर्जदारास, सांगायला लाज वाटते, फार बरे वाटले. तिसऱ्या दिवसापासून तो तांब्याचे हंडे चिंचेने घासून उन्हात मांडू लागला आणि उत्तर आले का हे पाहण्यासाठी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू लागला. सातव्या दिवशी एकवीस फोटो काढले; एकही मनास येईना. दिवस मावळला, स्थानकात प्रतिक्रमणाची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, वेळ झाली, तिथे मोबाईल नेत नाहीत. फोटो राहून गेला. ज्योत विझली. आकडा चारशे बारा होता.

४) पर्युषण संपल्यावर मुलीने मोबाईल हाती घेतला, पाहिला आणि जिना चढून गेली. आज अकरा दिवस झाले, ती अर्जदाराशी बोललेली नाही. कॉलेजला जाते, जेवते, आईशी बोलते. अर्जदार समोर आला की नजर पायाकडे. अर्जदाराचे गिऱ्हाइकात, झोपेत, कशात म्हणून लक्ष नाही. दिलेली थाळी तो परत मागून घेतो, घेतलेल्या पैशांसाठी पुन्हा हात पुढे करतो. हा अर्ज लिहीत असता घमेले घ्यायला आलेले शेतकरी लोटन आबा म्हणाले, "पोर वरच शे ना? मंग आठे कागद काबर काया करी ऱ्हायनात, शेठ?" त्यांना कायदेशीर बाजू माहीत नसल्याने अर्जदार खाली बसून कागद काळे करीत राहिला.

५) आता मुख्य तक्रार. संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतो. त्याला खमतखामणा म्हणतात. त्या दिवशी कोणाशी अबोला ठेवत नाहीत. अर्जदाराने सकाळी दहा वाजता दोनशे चौदा जणांना हात जोडल्याच्या चित्रासह क्षमेचा संदेश पाठवला, त्यात जिनलही होती. तिने तो वाचल्याच्या निळ्या खुणा अर्जदाराकडे आहेत. बापाची क्षमा वाचूनही मुलगी उत्तर देत नाही, यामागे कोणी तिचे कान भरत आहे काय, याचा तपास व्हावा.

६) पुरावा म्हणून त्या खुणांची छापील प्रत काढताना तारीख व वेळ पाहण्यात आली. त्या वेळी मुलीचा मोबाईल अर्जदाराच्याच खिशात होता. तो सारखा वाजत होता, म्हणून खमतखामण्याचे साठ-सत्तर सारखेच संदेश अर्जदाराने उघडून उघडून बंद केले. त्यातला एक त्याचा स्वतःचा होता. म्हणजे अर्जदाराने क्षमा मागितली ती स्वतःची, आणि वाचलीही स्वतःच. त्या दिवशी मुलगी घरातच होती. तिच्यासमोर जाऊन तो काहीच बोलला नाही. दोनशे तेरा जणांची क्षमा मागून झाली; राहिली ती एकटीच.

सबब तपास नको. ज्योतीचे आपल्याकडून काही होण्यासारखे असेल तर पाहावे, नसेल तर राहू द्यावे. अर्जदार मोबाईल गल्ल्यात टाकून, दुकान राजकुंवरवर सोपवून वर जात आहे. हात जोडायचे आहेत. ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही.

आपला नम्र, व आजवर घरात शहाणा समजला गेलेला,
(सही)
पारसमल मोतीलाल कांकरिया
साक्री, दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) तांब्याच्या हंड्यांचे फोटो, एकवीस.
२) मुलीने संदेश वाचल्याचा पुरावा. (जोडलेला नाही.)