भट्टी माझी, मणी त्यांचे

४ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. मोठे कलावंत लिहितात. पुढे लोकांना संदर्भ लागतो.
मागच्या खोलीचा स्टुडिओ तयार. टेबल, काच कापायची हत्यारं, रंगीत काचांचा रॅक, कोपऱ्यात भट्टी. इस्त्रीचं टेबल मात्र अजून तिथेच. बायको म्हणाली, मग इस्त्री काय गच्चीत करू? तात्पुरती तडजोड.
संकल्प : मार्चमध्ये वाचनालयाच्या हॉलमध्ये कलाप्रदर्शन आहे. त्यात माझं काचेचं भित्तिचित्र लागणार. रंगीत काचा एकावर एक रचायच्या आणि आठशे डिग्रीला वितळवून एकजीव करायच्या. याला फ्यूज्ड ग्लास म्हणतात. इथे कुणालाच येत नाही. मलाही अजून पूर्ण येत नाही, पण न येणाऱ्यांत मी सर्वांत पुढे आहे.

९ जानेवारी
पहिला नमुना बाहेर काढला. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, साबण ठेवायला झकास आहे. दातांच्या माणसाकडून दृष्टीची अपेक्षा नाही.

१५ जानेवारी
सासूबाई राहायला आल्या. सासरे जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून त्यांचं बोलणं तीन शब्दांवर आलंय : हो, नको, पुरे. दिवसभर खिडकीपाशी बसतात. बायको काळजीत. मी म्हणालो, त्यांना स्टुडिओत बसू दे, कलेच्या सहवासानं बरं वाटेल.
माझं मन मोठं आहे. नोंद असावी.

२२ जानेवारी
हात रिकामे नकोत म्हणून सासूबाईंना मणी करायला शिकवलं. गॅसच्या बारीक ज्योतीत काचेची कांडी मऊ करायची आणि सळी फिरवत तिच्यावर गुंडाळायची. मणी म्हणजे आमच्या क्षेत्रातली बालवाडी. माझा स्वतःचा हात त्यात बसत नाही, कारण तो मोठ्या कामाचा आहे.
त्यांचा पहिलाच मणी गोल आला. नवशिक्यांचं नशीब.

३० जानेवारी
दुसरा गोल. पाचवा गोल. चौदावाही गोल. नशीब इतकं टिकत नाही, म्हणून बायकोकडे चौकशी केली. ती म्हणाली, आईनं शिंप्याच्या दुकानात छत्तीस वर्षं काजं केली, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुला पत्ता नाही?
पत्ता होता. लक्षात नव्हता.
म्हणजे ही कला नव्हे. सवय.

५ फेब्रुवारी
कुरिअरवाला पार्सल घेऊन आला तो मणी बघत उभाच राहिला. मला म्हणाला, काका, जरा सरकता का, उजेड अडतोय. माझ्या स्टुडिओत. माझा उजेड.
संध्याकाळी सासूबाई आख्खं वाक्य बोलल्या. म्हणाल्या, या निळ्याला एक पांढरा ठिपका हवा. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, आनंदानं.
माझ्या कामावर या घरात अजून कुणी रडलेलं नाही.

१२ फेब्रुवारी
मत्सर हा कोत्या माणसांचा रोग. मला नाही. जेवण जात नाही ते ॲसिडिटीमुळे.
स्टुडिओला शिस्त हवी म्हणून दारावर वेळापत्रक लावलं. मणी : ११ ते १२. बाकी वेळ भित्तिचित्र. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि बरं जावईबापू, म्हणाल्या. तासाभरात पाच मणी केले. उरलेल्या दिवसात मी चित्राचं नाव ठरवलं : ‘अनंताचा श्वास’.

२० फेब्रुवारी
प्रदर्शन भरवणाऱ्या ग्रंथपालबाई खास ‘अनंता’ची मांडणी बघायला आल्या. दोन मिनिटं बघितली. म्हणाल्या, मोठं आहे.
मग चाळीस मिनिटं मण्यांपाशी. घड्याळ लावलं होतं.
सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मणी एकूण बावन्न करायचे, संसाराच्या एका वर्षाचा एक. पहिला हिरवा, कारण पहिल्या बिऱ्हाडाचं दार हिरवं होतं. मुलगी झाली ते वर्ष पिवळं. एका वर्षी चार महिने दोघांनी अबोला धरला, तो मणी काळा, पण आत लाल ठिपका. हे सांगताना त्या हसल्या. बायको दारात पुतळ्यासारखी उभी. मी काच पुसत होतो.
निकाल : मण्यांची माळ प्रवेशदाराशी, काचेच्या कपाटात. ‘अनंताचा श्वास’ जिन्यात.
जिन्यातून सगळेच जातात. तसं बघितलं तर जागा माझीच बरी.

१ मार्च
बावन्न पूर्ण. मणी पुढे तडकू नयेत म्हणून सगळे एकदा भट्टीत पाचशे डिग्रीला तापवून हळूहळू निववावे लागतात. सासूबाईंनी ते खालच्या खणात ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, जावईबापू, भट्टी तुम्हीच लावा, मला ती बटणं कळत नाहीत. पाचशेच्या पुढे नेऊ नका म्हणजे झालं.

२ मार्च, सकाळी ११
‘अनंत’ वरच्या खणात ठेवला. आठशे दहा लावून बटण दाबलं. खाली बघितलं नाही. माणूस काही दर वेळी खाली बघत नाही.

दुपारी २.१५
खालच्या खणाची आठवण झाली. आकडा सहाशे नव्वद. बंद करायला हात गेला. मग विचार केला, मधेच बंद केलं तर दोघांचंही काम वाया जाईल. शास्त्रीय कारण.

दुपारी ४.४०
आठशे दहा.

३ मार्च
पूर्ण निवेपर्यंत उघडायची नाही, हा माझाच नियम. दोनशेला उघडली. टक्‌ असा आवाज झाला. ‘अनंत’ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका चिरला.
खाली मणी नव्हते. चपट्या टिकल्या होत्या, भोकं बुजलेली. पिवळा आणि काळा एकमेकांत गेलेले.
सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, विसरलोच बघा. त्या हं म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.
अपघात होतात.

५ मार्च
स्टुडिओ दिवसभर माझा एकट्याचा. वेळापत्रक काढून टाकलं. भरपूर काम करता येईल. रॅक पुसला.
हो, नको, पुरे.
बायको गणित शिकवते, तिला सगळ्याच्या वेळा लागतात. विचारलं, तुला आठवलं केव्हा? मी सांगितलं, संध्याकाळी. ती बरं म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

९ मार्च
प्रदर्शन सुरू झालं. डॉक्टर बघून आले. म्हणाले, दाराशी एक कपाट आहे, चकचकीत पुसलेलं, आत काहीच नाही. ग्रंथपालबाई ते भरायला तयार नाहीत.
मी गेलो नाही. ॲसिडिटी.

११ मार्च, दुपारी
आज खिडकीपाशी गेलो. स्टूल नव्हतं, खालीच बसलो. म्हणालो, मला सव्वादोनलाच आठवलं होतं, सहाशे नव्वद होते, तेव्हा भट्टी बंद करता आली असती, पण शास्त्रीय… सासूबाईंनी हात वर केला. मी थांबलो.
म्हणाल्या, बटण दाबण्याआधी तुम्ही वाकून खालचा खण बघितलात. मी दारात होते. मला वाटलं, माझ्या मण्यांची काळजी घेताय.
(बघितलं होतं. २ मार्चची नोंद चुकीची आहे.)
मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या दुकानात एक कारागीर होता, त्याची काजं त्यांच्यापेक्षा सुबक. सगळी गिऱ्हाइकं त्यालाच मागायची. एकदा त्यानं शिवलेल्या कोटावर सासूबाईंनी इस्त्री ठेवली आणि उचललीच नाही. मालकानं त्याला काढलं. सासूबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, सासऱ्यांनासुद्धा नाही. म्हणाल्या, त्या वर्षाचा मणी राखाडी होता. तेवढा एक वितळला ते बरं झालं. बाकीच्या एक्कावन्नांचं मात्र मला फार वाईट वाटतंय, जावईबापू.


१२ मार्च
बायकोला खरी वेळ सांगितली. ती माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही असं म्हणाली. वेळेची पक्की आहे.

१४ मार्च
सासूबाई अकरा वाजता आल्या. पुन्हा पहिल्यापासून. हिरवा. मी म्हणालो, भट्टी तुम्हाला शिकवतो, बटणं सोपी आहेत. त्या म्हणाल्या, शिकेन, पण आधी तुम्ही इथे बसा आणि एक मणी करा.
सळीला आधी मातीचा लेप द्यायचा असतो, नाहीतर काच सळीला कायमची चिकटते. त्यांनी दोनदा बजावलं. पण त्यांना हे मीच शिकवलं होतं, म्हणून मी ऐकलं नाही.
मणी झाला. बटाट्यासारखा. सळीवरून निघेना. तासभर ओढला. शेवटी दोन्ही हातांनी.
सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, सळीसकट बरा दिसतोय.