पक्ष्यापुढची जागा

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
आजपासून पक्षी. कॅमेरा आला. लेन्स एवढी मोठी की ललितानं विचारलं, अहो, यात तांदूळ भरायचे की डाळ? दुर्लक्ष केलं.
सोसायटीच्या नव्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानाला रहिवाशानं काढलेला फोटो घेणार आहेत. तो माझाच असणार. बाकीचे फुलं नाहीतर नातवंडं देतील. मी उडता पक्षी देणार! दुकानात गल्ल्यामागे कॅलेंडरसाठी खिळा ठोकून झाला. आल्यागेल्याला सांगूनही झालं.
शिवाय फोटोचं क्रॉपिंग म्हणजे शेवटी कापणंच. मंडईमागच्या दुकानात दुसऱ्याचे पडदे कापत मोठा झालो, आज हडपसरला स्वतःचं पडद्यांचं दुकान आहे. मला कापायला कोण शिकवणार?

त्याच दिवशी दुपारी.
कवडीपाटला नदीवर जाऊन आलो. ललिता डबा घेऊन सोबत. पक्षी पुष्कळ, पण सगळे बसलेले. बसलेला कोणीही काढतो. थांबलो. उडाले तेव्हा मी चहा पीत होतो.
निश्चय : चहा बंद.

११ नोव्हेंबर.
चहा सुरू. चहाचा आणि फोटोग्राफीचा काही संबंध नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.
शेकाट्या मिळाला! काळे पंख, पांढरं पोट, उडताना मागे लांबलचक गुलाबी पाय. घरी आल्या आल्या कॉम्प्युटरवर कापायला घेतला. आमच्या धंद्याचा नियम, कापड वाया घालवायचं नाही. चारी बाजूंनी पक्ष्याला चिकटून कात्री चालवली. थोडे पाय गेले, पण एक चिंधी उरली नाही. फोटो कसा गच्च!
मैत्रीनं पाहिला. पोरगी आयटीत आहे, तिला सगळ्यातलं कळतं. म्हणाली, बाबा, याला पार्सल केलंय का? उडणाऱ्याच्या पुढे मोकळी जागा सोडायची असते म्हणे, नाहीतर तो फ्रेमवर चोच आपटेल असं वाटतं. रिकाम्या आभाळाचा फोटो कोण बघणार?

१८ नोव्हेंबर.
सेक्रेटरी अनिरुद्धरावांना शेकाट्या दाखवला. चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, मासा छान आहे, आपण गळानं धरलात का?
माझे कान तिखट. लिफ्टचं दार लागल्यावर ते बायकोला काय म्हणाले तेही ऐकू आलं. इथे लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.
पुढे जागा सोडायची हे मला आधीपासून माहीत होतं. शिवणीला कापड सोडतो, त्यातलंच हे. नियम करून फ्रिजवर लावला : पक्ष्यापुढे जागा सोडा. पक्ष्यामागचं कापा. दयामाया नको.
ललितानं वाचला आणि विचारलं, इथे दळणाची चिठ्ठी होती ती कुठाय?
कवडीपाटला प्रयोग केला. जागा उत्तम आली. पक्षी आला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.
नवं तंत्र, माझंच. डोळ्यांवर विसंबायचं नाही, कानांवर विसंबायचं. पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. या शोधानं भलेभले मागे पडणार. अनिरुद्धरावांना सांगितलं, जानेवारीचं पान माझ्यासाठी मोकळं ठेवा. म्हणाले, मोकळंच आहे, आणि तसंच राहील असं दिसतंय.

७ डिसेंबर, रविवार.
फोटो द्यायचे परवापर्यंत. आज शेवटची संधी. टिटवी ओरडली. तत्क्षणी आवाजाच्या दिशेला वळलो, वाकलो, बटण दाबूनच धरलं. झुडपं अतिशय स्पष्ट आली.
माझ्या पाठीमागे ललिता मोबाइलवर काहीतरी काढत होती. विचारलं नाही. तिला पक्ष्यांतलं काय कळतं? सगळ्यांना बगळाच म्हणते.

८ डिसेंबर.
बगळाच आहे. ललिताच्या मोबाइलमध्ये, राखी बगळा. पंख पूर्ण पसरलेले, त्यावर कोवळं ऊन, पुढे नदीभर मोकळं आभाळ. आणि मागे मी. पाठमोरा, वाकलेला, लेन्स झुडपात. न ओरडता उडणारे पक्षी बेइमान!
ललिता म्हणाली, मी तुमचाच काढत होते हो, तो मध्ये आला. मैत्री म्हणाली, आई, हाच दे कॅलेंडरला. ललिता म्हणाली, यांना विचार. कापायचा तर हेच कापतील, यांचा हात बसलेला आहे.

९ डिसेंबर.
आधी पक्षी कापून पाहिला. मी उरलो. फोटो तसा वाईट नव्हता. मग दोघांना ठेवलं. बघणाऱ्याची नजर थेट माझ्या पँटवर. पाणी प्यायला उठलो. फ्रिजवर माझंच अक्षर : दयामाया नको.
माप घेतलं. पुढचं सगळं आभाळ ठेवलं, मागे कात्री लावली. मी गेलो. आणि फोटो असा सुटला, असा सुटला की बगळ्याबरोबर मीच उडतोय असं वाटलं! मैत्रीनं टाळी दिली. ललितानं फोटो पाहिला आणि विचारलं, तुम्ही कुठं गेलात?

३१ डिसेंबर, बुधवार.
कॅलेंडर आलं. जानेवारीला बगळा. खाली छापलंय, छायाचित्र : ललिता सीताराम ओव्हाळ. बरोब्बर मधोमध माझं नाव. रचना म्हणतात ती हीच.
क्रॉपिंगचा वेगळा उल्लेख हवा होता, असं अनिरुद्धरावांना सुचवलं. म्हणाले, तुमच्या पडद्यावर कापणाऱ्याचं नाव असतं का?
खिळ्याला लावलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, कोपऱ्यात ते काळं काय आहे? माझं कोपर. राहून गेलं. दगड आहे म्हणून सांगितलं.
संध्याकाळी ललिताचा मोबाइल वाजला म्हणून उचलला. वॉलपेपरला तोच फोटो. हा तिनं स्वतः कापलाय. पक्षी उडवलाय, मला ठेवलंय. वाकलेला, पाठमोरा, अगदी गच्च.
पुढे बोटभर जागा सोडलेली नाही. हिला शिकवावं तरी किती!