खुर्चीशेजारी उभी राहून

मुरुम, माघ वद्य तृतीया, संध्याकाळ

आजचं सगळं लिहिणारच.

सकाळी पोलिसांच्या अमीनसाहेबांचे शिपाई वॉरंट घेऊन आले आणि ह्यांना पकडून नळदुर्गला घेऊन गेले. हे वाचनालयाचे अध्यक्ष, आणि वार्षिक सभा नेमकी आज दुपारी. वाचनालयाची मंडळी घरी आली. "वहिनी, भाषण लिहून तयार हाय. तुमी वाचा." सभेत गेले तर ह्यांच्या खुर्चीत बसा म्हणाले. बसले न्हाई. शेजारी उभी राहिले.

कागदावर पहिलंच ह्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट. तिथंच अडले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय ह्यांचं नाव कधी घेतलं न्हाई. सासूबाई तर मामंजी जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना 'ते' म्हणतात, आणि त्या समोरच बसलेल्या. बाया पदराआड हसायला लागल्या. "उखाणा घ्या की!" कुणीतरी म्हणालं. सभेवर नजर ठेवायला दारात उभा केलेला पोलीस शिपाईही हसला.

त्याचं हसू बघून लई राग आला. ज्या नावानं वॉरंट निघतं, ते मी लाजत का घ्यावं? मोठ्यानं वाचलं, "मी दत्तात्रय गणपतराव, या वाचनालयाचा अध्यक्ष." मग भाषण शेवटपर्यंत वाचलं, एकदाही न अडखळता.

घरी आले तर सासूबाई चुलीपुढं. आता बोलणी खायची म्हणून खाली मान घालून उभी राहिले.

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "गणपतराव असते, तर त्यांनी तुला त्या खुर्चीतच बसवलं असतं."