पुरचुंडीत तेल नव्हतं

ता. १४, मंगळवार, दुपारी

ती. वन्सं यांना नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुमच्या भावाच्या कपाळाचे टाके काढले. जखम सुकली आहे. जेवण नेहमीसारखं आहे, झोप तर काय, लागलेलीच असते. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय ना, मग चढू नका.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. सोबत माझ्या नावाने लिहिलेला जबाबही मिळाला. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात त्या काही वाया गेल्या नाहीत. मी सही कुठे करायची तिथे लाल शाईने फुलीसुद्धा मारून ठेवलीत, कारण सही कुठे करतात ते आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायकांना कुठून कळणार!

जबाब मी तीनदा वाचला. 'मी अज्ञानापोटी पतीच्या श्वासाच्या मशीनमधल्या पाण्याच्या डबीत घरगुती सुगंधी तेल घातले. त्यामुळे मशीन बिघडले, पतीस पुरेशी हवा मिळाली नाही, झोप अपुरी झाली आणि अपघात घडला. यात चालकाचा दोष नाही.' गुरुवारी संध्याकाळी डेपोत चौकशी आहे, त्याआधी सही करून पाठव, म्हणजे परवाना वाचेल, निवृत्तीला सहाच वर्षं उरलीत, असं तुम्ही खाली लिहिलंय. 'एवढं तरी कर' असंही लिहिलंय.

करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र पुढे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

मुळात वन्सं, माझ्या पुरचुंडीत तेल नव्हतंच. तेलाचा थेंब नव्हता. संत्र्याची साल सावलीत वाळवायची, उन्हात नाही, उन्हात तिचा वास उडतो. मूठभर साल, चार लवंगा ठेचून, थोडा वाळलेला पुदिना. शिवणातून उरलेल्या मलमलीच्या चिंध्यांची बोटभर पिशवी शिवायची आणि मशीन जिथून हवा ओढतं तिथून हातभर लांब खुंटीला अडकवायची. पाण्याच्या डबीत पाण्याशिवाय काही घालायचं नाही. गाळणीला काही लावायचं नाही. दम्याच्या माणसाने या भानगडीत पडायचंच नाही. हे सगळं मी यांना मशीन लिहून देणाऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून ठरवलं. दुकानात अशाच वासाची बाटली विकत घ्यायची तर आमचा आठवड्याचा भाजीपाला तेवढ्यात येतो. माझ्या पुरचुंडीला सालं आणि चिंध्या लागतात, दोन्ही आपण एरवी फेकतो.

तुम्ही नाक मुरडलंत तेव्हाही. 'वासाने कधी आजार बरा होतो का?' म्हणालात. मी कधी म्हटलं बरा होतो म्हणून? मास्कला रबराचा वास येतो, त्या वासाने माणसं तो काढून फेकतात. वास सुसह्य झाला तर मास्क तोंडावर राहतो, आणि मास्क राहिला तर झोपेत श्वास अडकत नाही. एवढंच त्याचं काम. दवाखान्यात शनिवारी मशीनवाल्यांची बैठक असते, तिथे डॉक्टरीणबाईंनी मला उभं करून हे सांगायला लावलं. तीस माणसं होती. एक निवृत्त पोस्टमास्तर पुढच्या महिन्यात मुद्दाम शोधत आले आणि म्हणाले, 'बाई, पहिल्यांदा सबंध रात्र मास्क घालून झोपलो.' आता त्यांच्या कानावर जायचं की त्या बाईच्या वासाने बस फुटपाथवर चढली. उद्या ती तीस माणसं पुरचुंडीबरोबर मशीनही माळ्यावर टाकतील. याचा विचार तुमच्या सुंदर अक्षरात कुठे दिसला नाही.

आणि तेलाचं म्हणाल तर तुमचं कपाट उघडा. माझ्याकडून दोन पुरचुंड्या मागून नेल्या होत्यात, ठेवणीतल्या कपड्यांच्या घड्यांत ठेवायला. चार महिने झाले. पडला का कुठे तेलाचा डाग? पडला असता तर एव्हाना मला त्यावर वेगळं पत्र आलं असतं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, चार बटणं लावली, पुन्हा बसले. वाटलं होतं एवढ्यावर पत्र संपवावं. तेल नव्हतं, म्हणून सही नाही, विषय मिटला. पण तो मिटत नाही.

यांच्या बसवरच्या कंडक्टरला बघायला गेले होते परवा. त्याच्या मनगटात सळई घातली आहे, पुढचे दोन दात गेले. मला बघून उठून बसला बिचारा. बोलताना शब्द निसटतात. म्हणाला, 'वहिनी, मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे होते हो त्यांचे.' मग त्याची बायको आत आली तसा गप्प झाला. त्या थांब्यावरचं बाकडं पार मोडलं. त्यावर एक म्हातारी बसली होती, ती बस येताना दिसली म्हणून उठली आणि चार पावलं बाजूला झाली. तिची बस होती म्हणून ती उठली, वन्सं. नसती तर बसून राहिली असती.

तुम्ही पत्रात या दोघांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता जे मी आजवर कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. खरं म्हणजे तुम्हाला ते सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवते.

तुमच्या भावाने ते मशीन एकूण नऊ दिवस वापरलं. सात दिवस शिव्या देत, आणि मी पुरचुंडी टांगल्यावर आणखी दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मास्क भिंतीवर फेकला आणि म्हणाले, 'आधी रबराच्या कारखान्यात गुदमरत होतो, आता संत्र्याच्या वखारीत गुदमरतोय.' मी हसलेसुद्धा. पण मशीनमध्ये कार्ड असतं, माणूस किती तास मास्क घालून झोपला ते त्यावर उमटतं, आणि रोजचे चार तास भरले नाहीत तर डेपोचा डॉक्टर बस हातात देत नाही. महिनाअखेरीला कार्ड दाखवायचं होतं. हे रात्रपाळीचे, दुपारी झोपणारे. आडवे झाले की पाच मिनिटांत घोरायला लागतात. मी पलंगाशी स्टूल घेऊन काज-बटणं करत बसते, कारण यांच्या झोपेत शिलाईमशीनचा खडखडाट चालत नाही. त्या दुपारी मशीन उशाशी तसंच पडलं होतं. म्हटलं, आजचा एक दिवस भरून काढू. मास्क उचलला आणि माझ्या तोंडाला लावला.

एक दिवस म्हणता म्हणता सात महिने झाले.

रोज दुपारी बारा ते चार. कार्डावर इतका छान श्वास उमटला की डेपोच्या डॉक्टरने यांची पाठ थोपटली. माझ्या त्या पुरचुंडीने गुण आला असं दवाखान्यात सगळ्यांना वाटलं, म्हणून तर बैठकीत उभं केलं मला. आणि मी उभी राहिले! साल कशी वाळवायची ते सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि खाली बसले. पोस्टमास्तरांना झोप लागली ती खरीच, पण माझ्या घरात त्या वासाचा उपयोग एका माणसाला झाला, आणि त्या माणसाला काही आजार नव्हता.

हे लिहायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं. तोंडावर मास्क असला की बोलता येत नाही. दाराची बेल वाजली, फोन वाजला, तरी मी उत्तर देऊ शकत नाही, आणि न दिल्याबद्दल स्वतःला सांगायला कारणही होतं. गार हवा, संत्र्याचा वास, हातात सुई. बावीस वर्षांत रोजचे चार तास असे मला मिळाले नव्हते.

आणि पलीकडे हातभर अंतरावर तुमचा भाऊ. घोरणं चालू असतं तोवर ठीक. मग ते एकदम थांबतं. छाती हलते, पण हवा आत जात नाही. चेहरा काळवंडतो. मग एक आचका, आणि पुन्हा घोरणं. मी बटण लावता लावता मोजायची. वीस टाके, पंचवीस टाके. त्यांची हवा माझ्या नाकात जात होती वन्सं, आणि मी टाके मोजत बसले होते. हलवून उठवायची, शपथ घेऊन सांगते, रोज उठवायची. हे कूस बदलायचे. आणि संध्याकाळी अंघोळ करून, डबा घेऊन निघताना दारातून विचारायचे, 'माझे तास झाले ना?' मी म्हणायची, 'झाले.' मग ते बस चालवायला जायचे.

म्हणजे यांना ठाऊक होतं. आणि तुम्हालाही.

तिसऱ्या महिन्यात डोळे तपासायला आला होतात आणि न कळवता दुपारी दारात उभ्या राहिलात. मी मास्क काढून धावत आले. आत मशीन सूं सूं करत होतं, आणि उघड्या तोंडाने तुमचा भाऊ घोरत होता. तुम्ही आधी त्यांच्याकडे पाहिलंत, मग मशीनकडे, मग माझ्या नाकावरच्या आणि गालांवरच्या वळांकडे. परीक्षेतली कॉपी दारातून ओळखणाऱ्या बाई तुम्ही. मला वाटलं, आता सुटले. आता या ओरडतील, यांना उठवतील, काय वाट्टेल ते बोलतील, पण हे थांबेल. तुम्ही चहा घेतलात. पुरचुंड्या मागून घेतल्यात. आणि चप्पल घालताना म्हणालात, 'चेहऱ्यावर वळ उठलेत तुझ्या. मलम लावत जा.'

मी लावत गेले.

त्या दिवसाचा मला तुमचा राग आहे. जबाबाच्या कागदाचा नाही एवढा, त्या मलमाचा आहे. आई गेल्यावर तुम्ही यांना वाढवलंत, स्वतःचं लग्न दहा वर्षं लांबवलंत, हे मी आल्या दिवसापासून ऐकत आले आणि मान्यही केलं. पण अपघात झाल्यावर खापर फोडायला तुम्हाला बरोबर माझंच डोकं सापडलं, आणि तेही खऱ्या चुकीबद्दल नाही. खरी चूक माझ्यावर टाकली असतीत तर मी एक वेळ खाली मान घालून ऐकलं असतं. तुम्ही मला खोटी चूक दिलीत, कारण खरी बाहेर आली तर हे पुन्हा बसवर बसणार नाहीत. खोटीवर सही केली की नवीन मशीन मिळेल, महिन्याभरात परवाना हातात येईल, आणि हे संध्याकाळी डबा घेऊन दारात उभे राहून मला विचारतील, 'झाले ना?'

त्या प्रश्नाला हो म्हणायची ताकद आता माझ्यात नाही.

म्हणून आज सकाळीच डेपोच्या डॉक्टरच्या खिडकीवर एक पाकीट देऊन आले. त्यात कार्ड आहे आणि माझ्या हाताने लिहिलेलं दीड पान. सात महिन्यांचा श्वास माझा आहे, यांना पुन्हा तपासा आणि तोवर चाक हातात देऊ नका, जमलं तर पासाच्या खिडकीवर बसवा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, असंही लिहिलंय. खिडकीवरच्या बाईने पोच दिली. अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही, दोन ठिकाणी खोडलंय, पण वाचता येतं.

परत येऊन यांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी मास्क त्यांच्या हाताशी ठेवला आहे. घातलेला नाही. मीही घातलेला नाही. सात महिन्यांत पहिली दुपार.

आता हे लिहिताना घोरणं थांबलंय. मी पेन खाली ठेवते.

आला श्वास. उठवून पाणी दिलं. मास्क पुढे केला तर हात झटकला. पण खाली नाही टाकला, छातीवर घेऊन पडलेत.

तुमच्या भावाबद्दल मला काय वाटतं असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. जिवंत हवेत, एवढंच वाटतं. चालक नसले तरी चालेल, माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

गुरुवारी चौकशीला याल तेव्हा आधी घरी या. दुपारी बारानंतर या आणि माझ्या स्टुलावर बसा. मी शिवणाची कामं पोचवायला बाहेर जाईन. तुम्ही नुसतं ऐका. श्वास थांबला की त्यांना हलवून उठवा, मास्क तुमच्या हाताने लावा. तुमचा शब्द ते कधी मोडत नाहीत.

जबाबाचा कागद सोबत परत पाठवते आहे. फुलीची जागा कोरी आहे. सही इथे खाली करते, पाकिटातल्या पानावरच्या सहीशी कोणी ताडून पाहायचं म्हटलं तर हे पत्र जपून ठेवा.

तुमच्या भावाचा श्वास सात महिने घेतलेली,
तुमची भावजय